बुजणे, फुगणे आणि मिटणे : रबरी बुचाच्या परिभाषेविषयी

लसीच्या ज्या बाटलीतून अनेकांना मात्रा द्यावयाच्या असतात, तिचे रबरी बूच पुनःपुन्हा टोचले जाते. आणि सुई निघताच छिद्र बंद व्हावे, अशी अपेक्षा असते. या गुणास इंग्रजीत ‘सेल्फ-सीलिंग’ म्हणतात. त्याचे ‘स्वयंमुद्रित’ असे भाषांतर केल्यास ते शब्दाला धरून होईल, अर्थाला नव्हे. कारण येथे ‘सील’ म्हणजे मोहोर नसून बंदिस्तपणा होय. ‘स्वयंसंधानी’ हा पर्याय त्याहून बरा वाटतो. परंतु संधान म्हणजे तुटलेले जोडणे, आणि रबर तसे काही जोडीत नाही.

नेमका शब्द कोशापेक्षा व्यवहारात शोधणे इष्ट. कान टोचल्यावर त्यात काही घातले नाही तर भोक ‘बुजते’. तेथे नवे मांस येते. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लाकडी होड्या वर ओढून ठेवतात. त्यांच्या फटींत कापूस ठासतात, आणि होडी पाण्यात गेली की फळ्या ‘फुगून’ सांधे घट्ट बसतात. पापणी मात्र ‘मिटते’ : नवे काही न येता, दूर झालेल्या कडा पुन्हा एकमेकींस भिडतात. बुचाची क्रिया ही तिसरी. बाटलीच्या गळ्यात दाबून बसविलेले रबर लवचिकपणामुळे सुईची वाट आवळते. छेद मात्र राहतोच.

हा भेद केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. ‘बुजणारे’ म्हटले की बूच कितीही वेळा टोचावे, असा समज होतो. युरोपीय औषधसंहितेतील परीक्षेत १० बुचे प्रत्येकी १० वेळा, दर वेळी निराळ्या जागी, टोचतात. नंतर बाटल्या मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून बाहेरील दाब १० मिनिटे २७ किलोपास्कलने उतरवितात. तो पूर्ववत केल्यावर त्या आणखी ३० मिनिटे तशाच ठेवतात. निळ्या रंगाचा अंशही आत उतरता कामा नये. दुसऱ्या परीक्षेत ४८ वेळा टोचल्यावर रबराचे डोळ्यांना दिसणारे ५ हून अधिक कण पडलेले चालत नाहीत. द्रव्याची निवडही मिटण्याच्या एकाच गुणावर होत नाही. नैसर्गिक रबर उत्तम मिटते, पण हवा व ओलावा अधिक आत सोडते आणि लवकर जीर्ण होते. सिलिकोन उष्णता सोसते, पण वायूंना पुरेसे अडवीत नाही. म्हणून ब्यूटिल जातीची, विशेषतः ब्रोमोब्यूटिल व क्लोरोब्यूटिल, रबरे पसंत केली जातात.

यास्तव ‘मिटते बूच’ ही संज्ञा अधिक ग्राह्य ठरते. ‘वाहते पाणी’, ‘बोलती बाहुली’ यांप्रमाणे तिची घडण मराठीच्या वळणाची आहे. शिवाय जे मिटते ते पुन्हा उघडू शकते, ही जाणीव त्या शब्दातच आहे. आणि आरोग्यकेंद्रात बाटली हाती घेणाऱ्या परिचारिकेस नेमकी तीच हवी.