धर्मादाय बालनृत्य स्पर्धा : दान कोणाचे, हिशेब कशाचा?
(वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

गरजू रुग्णाच्या उपचारासाठी वा निराधार बालकांसाठी निधी उभारावा, या हेतूने बालकलावंतांच्या नृत्यस्पर्धा भरविण्याची प्रथा आता तालुक्याच्या गावीही रुळली आहे. या उपक्रमांमागील सद्‌भावना निर्विवाद आहे. तथापि हेतू उदात्त असला म्हणून त्याचे स्वरूप चिकित्सेपलीकडचे ठरत नाही. अशा स्पर्धेत खरा दाता कोण, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतला आहे.

परंपरा आणि बदल

कलेतून लोककार्यासाठी निधी उभारण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला. तेथे दान कलावंतांचे होते आणि ते देण्याचा निर्णयही त्यांचाच होता. बालनृत्य स्पर्धेत मात्र निर्णय आयोजक व पालक घेतात, श्रम मूल करते, प्रवेशशुल्क व वेशभूषेचा खर्च त्याचे कुटुंब सोसते आणि दातृत्वाचा सत्कार प्रायोजकाचा होतो. दात्याच्या यादीत मुलाचे नाव कोठेच नसते.

दोन मुले, एक मंच

जिल्ह्यातील अशाच एका स्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. सायंकाळी सहाचा कार्यक्रम पाहुण्यांच्या स्वागत-सत्कारामुळे साडेआठला सुरू झाला. सहावी-सातवीतील मुलींच्या एका गटाची पाळी आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्यांतील एक मुलगी भरजरी पोशाखातच खुर्चीवर झोपली होती. तिला उठवून मंचावर नेण्यात आले. मध्यंतरी, ज्याच्या उपचारासाठी निधी जमविला जात होता त्या बालकालाही मंचावर उभे करून त्याच्या आजाराचे वर्णन झाले. एका मुलाने टाळ्यांसाठी नाचावे आणि दुसऱ्याने दयेसाठी उभे राहावे, हे दृश्य अस्वस्थ करणारे होते. गुणपत्रिकेत मात्र ताल, पदन्यास, वेशभूषा एवढेच रकाने होते. आम्ही परीक्षकांनीही ते मुकाट्याने भरले, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

याउलट डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये आनंदवनात सुरू केलेल्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदात अपंग व कुष्ठमुक्त व्यक्ती स्वतःच कलावंत म्हणून उभ्या राहतात. तेथे प्रेक्षक दाद कलेला देतो. मदत आणि प्रतिष्ठा एकत्र नांदू शकतात, याचे हे उदाहरण होय.

नृत्याचे रूपांतर

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे. या समाजात श्रावणातील तीजेच्या उत्सवात अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात आणि अंकुरांभोवती फेर धरून गातात, नाचतात. तेथे परीक्षक नाही, क्रमांक नाही. फेरातील प्रत्येकीचे तोंड मध्यभागी, म्हणजे एकमेकींकडे असते. हेच नृत्य स्पर्धेत येते तेव्हा फेर मोडून रांग होते, तोंडे परीक्षकांकडे वळतात आणि मुलींच्या गळ्यातील गाण्याची जागा ध्वनिमुद्रित गीत घेते. नृत्य जिवंत राहते, परंतु त्याचे नाते बदलते. लोककलेचे जतन, हा आयोजकांचा दावा या निकषावर तपासला पाहिजे.

कायद्याची चौकट

बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कलावंत म्हणून काम करण्याची सवलत दिली. मात्र त्यामुळे शिक्षणात बाधा येता कामा नये, अशी अट घातली. २०१७ च्या नियमांनुसार बालकलावंताचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा आणि विश्रांतीविना तीन तासांपेक्षा अधिक असू नये. व्यावसायिक कार्यक्रमासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगीही लागते. ‘धर्मादाय’ म्हणविणारी स्पर्धा स्वतःला व्यावसायिक मानतच नाही. त्यामुळे या नियमांची आठवण तेथे कोणालाही होत नाही. जमविलेल्या निधीचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो. मुलाच्या जागरणाचा, बुडालेल्या तासिकांचा आणि पराभवाच्या रडण्याचा हिशेब मागणारे कार्यालय नाही.

निष्कर्ष

या विवेचनाचा रोख स्पर्धा बंद कराव्यात असा नाही. लहान गावातील मुलाला मंच मिळणे ही मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच काही किमान संकेत पाळले जावेत : सहभागी मुलांकडून शुल्क घेऊ नये, कार्यक्रम रात्री नऊपूर्वी संपवावा, लाभार्थी बालकास मंचावर आणू नये, क्रमांकांऐवजी सर्वांचा गौरव करावा, आणि निधी कशासाठी खर्च झाला हे नाचलेल्या मुलांना नंतर सांगावे. परीक्षक म्हणून बोलावणे आपल्यासारख्या प्राध्यापकांनाच येते. ते स्वीकारण्यापूर्वी या अटी घालणे आपल्या हाती आहे. मुलाने दिलेले दान त्याच्या नावे जमा झाले, तरच अशी स्पर्धा धर्मादाय या शब्दास पात्र ठरेल.