गुपिताची राखण : ‘द बिग स्लीप’मधील कुटुंब आणि कथानक

हॉवर्ड हॉक्सच्या ‘द बिग स्लीप’ (१९४६) या चित्रपटाविषयीची चर्चा बहुधा एका आख्यायिकेपाशी येऊन थांबते. स्टर्नवुड कुटुंबाचा मोटारचालक ओवेन टेलर याला कोणी मारले, असा प्रश्न चित्रीकरणाच्या वेळी निघाला. मूळ कादंबरीकार रेमंड चँडलर याच्याकडे विचारणा झाली. आणि त्यालाही उत्तर देता आले नाही, अशी ती आख्यायिका. तिच्या आधारे कथानक विस्कळीत ठरवले जाते, आणि ‘फिल्म न्वार’मध्ये वातावरणच महत्त्वाचे म्हणून ते क्षम्यही मानले जाते. टेलरचा मारेकरी न सापडणे ही हयगय असू शकेल. शॉन रीगनच्या मृत्यूभोवतीची संदिग्धता मात्र त्या जातीची नाही. ती एका कुटुंबाचे गुपित राखण्याच्या व्यवहारातून आलेली आहे आणि या व्यवहारात खुद्द चित्रपट सामील आहे.

रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि दुसरी शोधाची, हे तोदोरोवचे विवेचन येथे उपयुक्त ठरते. पारंपरिक रहस्यकथेत शोधाची कथा गुन्ह्याच्या कथेला अखेरीस उजेडात आणते. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या चँडलरच्या कादंबरीत हे घडते, परंतु एका अटीवर. धाकट्या कार्मेनने रीगनला मारले, हे मार्लोला कळते, थोरल्या व्हिव्हियनला ते आधीपासून ठाऊक असते, आणि वाचकालाही कळते. वृद्ध जनरलपासून तेवढे ते लपवले जाते. गुपित राखले जाते, पण वाचक त्या गुपितात वाटेकरी असतो; मार्लोला आलेला स्वतःविषयीचा विटाळ त्यालाही टाळता येत नाही.

चित्रपटाने नेमका हा वाटा काढून घेतला आहे. कादंबरीत रीगन हा व्हिव्हियनचा नवरा, म्हणजे घरचा जावई आहे. चित्रपटात तो जनरलने पदरी ठेवलेला सोबती आहे. घरातील हत्या अशा रीतीने घराबाहेरच्या माणसाची हत्या होते. दुसरा बदल अधिक सूचक आहे. कादंबरीतील स्टर्नवुड मंडळी टेकडीवर राहतात आणि ज्या तेलविहिरींनी त्यांना संपत्ती दिली त्या खाली दिसत राहतात. रीगनचे प्रेत याच विहिरींजवळच्या तेलाच्या खड्ड्यात टाकलेले असते. कुटुंबाच्या वैभवाचे उगमस्थान आणि त्याच्या अपराधाचे दफनस्थान एकच आहे. तेथेच कार्मेन मार्लोवरही पिस्तूल झाडते आणि सारा उलगडा होतो. चित्रपटात हा प्रसंग नाही. जनरलचे ऑर्किडांनी भरलेले कोंदट काचगृह मात्र आहे. कुटुंबाची कुजलेली अवस्था दिसते, तिचे आर्थिक मूळ दिसत नाही.

या वगळण्यामागे हॉलिवूडची नीतिसंहिता होती, हे उघड आहे. गायगरच्या दुकानातील अश्लील पुस्तकांचा व्यापारही तिच्यामुळेच धूसर झाला. परंतु सर्व भार तिच्यावर टाकता येत नाही. चित्रपटाची एक आवृत्ती १९४५ मध्ये परदेशातील अमेरिकन सैनिकांना दाखवण्यात आली होती; १९९७ मध्ये ती सर्वसामान्य प्रेक्षकांना उपलब्ध झाली. तिच्यात सरकारी वकिलाच्या कचेरीत मार्लो घटनांची संगती लावून सांगतो. १९४६ च्या आवृत्तीतून हा प्रसंग गेला आणि हम्फ्री बोगार्ट व लॉरेन बॅकॉल यांचे नवे प्रसंग आले. घोड्यांच्या शर्यतीच्या आडून चालणारा त्यांचा द्व्यर्थी संवाद हा त्यांपैकीच. स्पष्टीकरणाच्या जागी प्रणय आला.

हा बदल बॅकॉलच्या तारकामूल्यासाठी झाला, त्यात आशय शोधणे व्यर्थ आहे, असा आक्षेप संभवतो. परंतु निर्मात्याचा हेतू आणि संहितेत निर्माण होणारा अर्थ एकच असावेत असे नाही. हेतू व्यापारी असला तरी परिणाम असा झाला, की शोध घेणारा पुरुष कुटुंबातील थोरल्या मुलीचा प्रियकर बनला. आता शोध पूर्ण करणे म्हणजे आपल्याच होऊ घातलेल्या माणसांना उघडे पाडणे. शेवटी मार्लो तेच करतो जे व्हिव्हियन आजवर करत आली आहे. तो एक सोयीची हकीकत रचतो. एडी मार्स स्वतःच्याच माणसांच्या गोळ्यांनी मरतो आणि रीगनच्या हत्येसाठी मार्लो पोलिसांना त्याचेच नाव सांगतो. मृताला प्रतिवाद करता येत नाही. कार्मेनने खरोखर काय केले, हे प्रेक्षकाला निश्चितपणे कळत नाही.

या तडजोडीची किंमत कोण देते? उपचारांसाठी कार्मेनला दूर पाठवण्याचे ठरते, आणि ते तिच्या अनुपस्थितीत ठरते. अखेरच्या चौकटीत बोगार्ट आणि बॅकॉल एकमेकांकडे पाहतात, बाहेर पोलिसांचा भोंगा ऐकू येतो. या सुखान्तासाठी जिला पडद्याबाहेर ठेवावे लागले, तिच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. कादंबरीतही तिला पाठवले जातेच. पण तेथे वाचकाला ते बोचते, येथे प्रेक्षकाला त्याचा विसर पडतो.

म्हणून ‘द बिग स्लीप’ची दुर्बोधता केवळ शैलीचा गुण म्हणून गौरवणे पुरेसे नाही. कुटुंबाचे मौन कथानकाच्या रचनेतच उतरले आहे आणि प्रेक्षकाला ते सुखद वाटते, हे या चित्रपटाचे यश आहे. आणि त्याची सर्वांत अस्वस्थ करणारी बाजूही तीच आहे. टेलरच्या मारेकऱ्याविषयी कुतूहल बाळगणाऱ्या समीक्षेने कार्मेनविषयी मात्र फारसे विचारू नये, हेही त्या यशाचेच एक प्रमाण मानावे लागेल.