शिरोडकरच्या बाजूने 'शाळा'

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? भरतीची वेळ आहे, समुद्र आज माझ्यापेक्षा मोठ्याने बोलणार.

विषय सुचला तो एका फोनवरून. माझी नात अमेरिकेत शिकते. तिथे हायस्कूलच्या अखेरीला 'प्रॉम' असतो, म्हणजे शाळेतला नाच. कुणीतरी विचारायचं, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. त्यावर तिकडे ढिगाने कादंबऱ्या निघतात. ती म्हणाली, "आजोबा, मराठीत असं काय आहे?" आपल्याकडे नाच गॅदरिंगपुरता, तोही बहुधा मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. पण त्या वयाची कादंबरी म्हटली की पहिलं नाव येतं ते मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चं. २००४ साली मौजेने काढली, २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा चित्रपट आला. नातीला पाठवण्याआधी पुन्हा वाचायला घेतली आणि, इथे काही जण रागावतील, माझी निराशा झाली.

भाषेबद्दल तक्रार नाही. नववीतला मुकुंद जोशी, सुऱ्या, चित्रे, फावड्या, त्यांचा बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला अड्डा, बाहेर आणीबाणी. पोरं खरी बोलतात. माझं अडतं ते त्यांच्या एका शब्दापाशी. 'लाइन देणे'. नीट बघा हं, व्याकरणाने देणारी मुलगी आहे. पण तिने दिली की नाही, हे ठरवतात कोण? ही पोरं. तिने नुसतं वळून पाहिलं तरी अर्थ लावायला चौघे बसलेलेच.

सार्त्रने १९४३ च्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये एक माणूस रंगवला आहे. किल्लीच्या भोकातून आत बघत असतो, मागे पावलं वाजतात, आणि तो लाजेने गोठतो. आपल्यालाही कुणी पाहतंय, हे त्याला तेव्हा कळतं. 'शाळा'त जोशीला भीती आहे ती सरांची, घरच्यांची. सुऱ्याच्या केवडा-प्रकरणाचा बोभाटा होतो तेव्हाही काळजी असते ती आपलं काय होणार याची. शिरोडकर आपल्याला कशी पाहत असेल, या प्रश्नाने तो गोठलाय असं मला कुठे दिसलं नाही. ती आपल्याला आवडते का, एवढंच त्याला हवंय. हा प्रश्न वेगळा.

यावर उत्तर ठरलेलं असतं: "सर, निवेदक चौदा वर्षांचा आहे, त्याला काय कळणार?" अहो, पण लेखक चौदाचा नाही ना! आणि त्याला हे जमत नाही असंही नाही. जोशीची बहीण, तीच ती अंबाबाई, भावाला बरोबर ओळखते आणि तोंडावर सुनावते. निवेदक तोच, वय तेच, तरी ती जिवंत उभी राहते. जे बहिणीला दिलं ते शिरोडकरला का नाही? शेवटी ती गाव सोडून जाते. जोशीला दुःख होतं, वाचकाला हुरहूर लागते, आणि कादंबरी त्या हुरहुरीवर सुटते. मला ती सुटका फार स्वस्त वाटली.

आता खरं कारण सांगतो. मी शिकलो ती शाळा इथली नव्हे, गावाचं नाव राहू दे. साठच्या दशकातली गोष्ट. आमच्यातल्या एकाने वर्गातल्या मुलीच्या दप्तरात चिठ्ठी टाकली. मजकूर आम्ही तिघांनी मिळून रचला होता, त्यातलं एक विशेषण माझं. चिठ्ठी तिच्या घरी सापडली. आम्हाला प्रत्येकी चार छड्या बसल्या. तिची शाळा सुटली. पुढे कित्येक वर्षं आम्ही मित्र भेटलो की छड्यांचा किस्सा रंगवून सांगायचो. तिने ती चिठ्ठी वाचली तरी होती का, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळाली, तरी नाही.

म्हणून 'शाळा' वाचताना मला जोशीपेक्षा ते रिकामं बाक जास्त दिसतं.

पुस्तक नातीला पाठवलं. परवा तिचा फोन आला, रात्रीत संपवलं म्हणाली. मग विचारते, "आजोबा, शिरोडकरचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, पुस्तकात नाही गं.