चिनी वनौषधी आणि बालकाचे अवधान : एक चिकित्सा

'अवधान-न्यूनता अतिचंचलता विकृती' ही संज्ञा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८७ साली आली. चिनी वैद्यकाची मांडणी मात्र फार जुनी आहे. मूत्रपिंडातील मूलसत्त्व क्षीण झाले की यकृताचा 'यांग' उसळतो आणि हृदयस्थ 'शन' अर्थात चित्त अस्थिर होते, अशी ही उपपत्ती आहे. तिच्या आधारे आज या बालकांना जो योग दिला जातो, तो सातव्या शतकातील वैद्य सुन स्स-म्याव यांच्या ग्रंथातला. कासवाचे कवच, जीवाश्म-अस्थी, 'युआनझी' मूळ आणि वेखंडाच्या कुळातील 'शीचांगपू' हे त्याचे घटक होत.

परंतु मूळ योग विस्मरणावर सांगितलेला आहे. बालकाच्या चंचलतेपर्यंत त्याचा केलेला विस्तार आधुनिक आहे. तेव्हा केवळ प्राचीनत्व हा पुरावा ठरत नाही.

प्रत्येक बालकाची प्रकृती पाहून योग बदलणे, हे या पद्धतीचे बलस्थान होय. तेच तिच्या परीक्षणातील अडचणही ठरते. योगच बदलत असेल, तर सिद्ध नेमके काय झाले? शिवाय कडू काढ्याची हुबेहूब नक्कल करणे कठीण असल्याने रुग्णाला अंधारात ठेवून चाचणी घेणे अवघड जाते. मेथिलफेनिडेटशी केलेल्या अनेक तुलना येथेच उण्या पडतात.

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हा समजही तपासावा लागतो. वेखंडातील बीटा-असारोन उंदरांत कर्ककारक आढळले व अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड अन्नात वापरण्यास बंदी घातली. बाळगुटीत वेखंड उगाळणाऱ्या महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही.

सारांश, ही परंपरा त्याज्य नाही; मात्र बालकाची शिकण्याची वर्षे परत येत नाहीत. म्हणून श्रद्धेपूर्वी परीक्षण आवश्यक ठरते.