गोठ्यातले शब्द, ताटातले शब्द

इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात, पण त्याच्या मांसाला ‘बीफ’. डुक्कर ‘स्वाइन’, मांस ‘पोर्क’. मेंढी ‘शीप’, मांस ‘मटन’. असे का? सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ (१८१९) या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात याचे एक उत्तर मिळते. विदूषक वाँबा डुकरे राखणाऱ्या गर्थला समजावतो : जनावर सॅक्सन गुलामाने राखायचे, तोवर नाव सॅक्सन, तेच नॉर्मन सरदाराच्या मेजवानीत गेले की नाव फ्रेंच. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्या पराभवाचा सल स्कॉटनी चार-दोन शब्दांच्या जोड्यांत नेमका पकडला आहे. कादंबरीतला संवाद म्हणून तो उत्तमच आहे.

अडचण येते ती हा संवाद भाषेचा इतिहास म्हणून वर्गात सांगितला जातो तेव्हा. कोणतीही उपपत्ती आपण तपासून घेतो, तशी हीही घेऊ. शब्दांच्या मुळांबाबत स्कॉट बरोबर आहेत : पहिले शब्द जुन्या इंग्रजीतले, दुसरे फ्रेंचमधून आलेले. वाटणीबाबत मात्र पुरावा वेगळे सांगतो. फ्रेंचमध्ये हे शब्द जनावर आणि मांस, दोहोंना चालतात. इंग्रजीत आल्यावरही ते दीर्घकाळ दोन्ही अर्थांनी वापरले गेले. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘बीव्ह्ज’, म्हणजे ‘बीफ’चे अनेकवचन, हा शब्द जिवंत गुरांसाठी येतो. म्हणजे विजयानंतर साडेपाचशे वर्षांनीही वाटणी पुरी झालेली नव्हती. शिवाय ‘लॅम्ब’ आणि ‘फिश’ हे शब्द ताटातही इंग्रजीच राहिले. नॉर्मन सरदार कोकरू आणि मासे खात नव्हते की काय?

स्कॉटच्या बाजूचा एक पुरावा मात्र त्यांच्या संवादात नाही, तो व्याकरणात आहे. ‘शीप’चे अनेकवचन ‘शीप’च, ‘ऑक्स’चे ‘ऑक्सन’, ‘माऊस’चे ‘माइस’. ही रूपे जुन्या इंग्रजीच्या विभक्तींचे अवशेष आहेत. रोजच्या तोंडातले शब्द नियमाला सहज वळत नाहीत. गोठ्यातली भाषा बदलली नाही, एवढे त्यावरून दिसते.

शिक्षकांनी हा संवाद जरूर वाचून दाखवावा, पण लगेच मुलांना याचे अपवाद शोधायला सांगावे. आपल्या ‘मटण’पासूनच सुरुवात करता येईल. फ्रेंचमध्ये मेंढा आणि त्याचे मांस, इंग्रजीत फक्त मांस, आणि आपल्याकडे बहुधा बोकडाचे! शब्दांचे अर्थ असे वापरातून सरकत जातात. ते एका लढाईत ठरत नाहीत.