नाणेघाट पायथ्याकडून वाचावा

नेवाशाला प्रवरेकाठी १९५४-५६ मध्ये ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा रोमन मद्यकुंभांची खापरंही हाती लागली. भूमध्य समुद्राकडचा माल अहिल्यानगर जिल्ह्यापर्यंत पोचत होता! असा माल कोकणातून देशावर चढवणाऱ्या वाटांपैकी आजही पायांखाली येते ती नाणेघाटाची.

नाणेघाटाशी ताडून पाहावा असा रोमचा आपियन मार्ग इ.स.पू. ३१२ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये तो जागतिक वारशात गेला. तिथे काळे दगड आणून अंथरले. आपल्याकडे काळा दगड आधीच उभा होता. सातवाहनांच्या कारागिरांनी डोंगराची नैसर्गिक खाच हेरली आणि जरूर तिथेच छिन्नी चालवली. पायऱ्या ओबडधोबड आहेत, उंचीला एकसारख्या नाहीत. मला त्यातच या घाटाची खुमारी वाटते. कड्याशी भांडण नाही, दिखावा तर नाहीच. वाटेत खडकात खोदलेली पाण्याची टाकी लागतात, तीही दमछाक होते तिथेच.

सगळा थाट राखून ठेवलाय तो घाटमाथ्याजवळच्या लेण्यात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका या राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. आता त्यांची ब्राह्मीतली नावं आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. बाजूच्या भिंतींवर राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञ आणि दक्षिणा यांचा हा हिशेब: गाई, घोडे, हत्ती, एके ठिकाणी २४,४०० कार्षापण नाणी. आकडे चक्क अंकचिन्हांत कोरलेत, आणि भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. हा मजकूर देवळात न कोरता घाटात कोरला, यात राणीची नजर दिसते. कल्याणहून जुन्नर-पैठणकडे निघालेला प्रत्येक व्यापारी इथूनच जाणार. चढून धापा टाकणाऱ्या माणसासमोर राजघराण्याचं ऐश्वर्य आकड्यांत मांडायचं! जाहिरातीची याहून चोख जागा सह्याद्रीत मिळाली नसती.

वर घाटाच्या खाचेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. गर्दी होते ती तिथेच, फोटोही त्याचेच निघतात. शिलालेखासमोर फारसं कोणी रेंगाळत नाही.

लेणी आणि शिलालेख पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यावर नेता येते. तसं करू नका. पावसाळा सरल्यावर मुरबाडकडून वैशाखऱ्याला उतरा, पायथ्यापासून चढा आणि लेण्यातल्या अक्षरांना हात न लावता त्यांच्यासमोर थोडा वेळ थांबा.