मिठाची शहरे आणि आमचे स्लॅबचे घर

आमच्या साहित्यिक मंडळींत हवामानबदलाचा विषय निघाला की चर्चा लवकर आटोपते. हा विषय शास्त्रज्ञांचा, फार तर भूगोलाच्या शिक्षकाचा. कथा-कादंबरीशी त्याचा काय संबंध, असा एकंदर सूर असतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. फळ्यावर सूर्य, पृथ्वी आणि धुराचे आवरण काढून हा धडा आम्हीही वर्षानुवर्षे शिकवला. परंतु धूर कोणाचा आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न आम्हांला पाठ्यपुस्तकाने विचारला नाही. तो एका अरबी कादंबरीने विचारला.

अब्दुर्रहमान मुनीफ (१९३३-२००४) यांची ‘मुदुन अल्-मिल्ह’, म्हणजे ‘मिठाची शहरे’, ही कादंबरी १९८४ साली प्रसिद्ध झाली. पाच खंडांच्या मालिकेतला हा पहिला खंड. मुनीफ तेलाच्या अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, तेल उद्योगात त्यांनी नोकरीही केली होती. त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि पुस्तकावर तेथे बंदी आली. आम्ही ती पीटर थेरू यांच्या इंग्रजी अनुवादातून, शब्दकोश उशाशी ठेवून वाचली.

कथानक थोडक्यात असे. वादी अल्-उयून नावाचे एक हिरवे ठिकाण वाळवंटात आहे. झरे आहेत, खजुरीची झाडे आहेत, काफिले तेथे विसावतात. एके दिवशी अमीराचे पाहुणे म्हणून अमेरिकन येतात. पाणी शोधायला आलो, असे सांगतात. म्हातारा मुतइब अल्-हज़्ज़ाल त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून संशय घेतो. त्याचे कोणी ऐकत नाही. मग यंत्रे येतात आणि झाडे मुळासकट उपटली जातात. मुतइब सांडणीवर बसून निघून जातो तो पुन्हा येत नाही. वादीतली माणसे विखुरतात आणि त्यांचीच मुले पुढे हर्रान बंदरावर कंपनीचे मजूर होतात. तेथे दोन हर्रान उभी राहतात, एक अमेरिकनांचे आणि दुसरे अरबांचे. पहिल्यात गारवा, दुसऱ्यात तापलेल्या पत्र्याच्या बराकी.

१९८८ साली जॉन अपडाइक या नामवंत अमेरिकन कादंबरीकाराने या पुस्तकाचे परीक्षण केले. त्यांचा आक्षेप असा, की हिला कादंबरी म्हणावे इतका एका व्यक्तीच्या नैतिक धडपडीचा धागा हिच्यात नाही. नायक मध्येच नाहीसा होतो आणि उरतो तो जमाव. अमिताव घोष यांनी २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकात याच आक्षेपाला हात घातला. हवामानाचे संकट मुळात समूहाचे आहे. समूहाला बाहेर ठेवणारी कादंबरीची व्याख्याच या संकटापुढे तोकडी पडते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आम्हांला घोष यांचे म्हणणे पटते. ‘व्यक्तिरेखा ठसत नाही’ हा शेरा आपणही सहज मारतो. पण वादी उजाड झाली तेव्हा नुकसान एकट्या मुतइबचे झाले नव्हते, आणि लेखकाने ते एकट्याचे करून दाखवले नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

शीर्षकाबद्दल मुनीफ यांनी सांगितले आहे, की पाणी आले म्हणजे मिठाची शहरे विरघळून जातील. १६ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐन भागात एका ठिकाणी २४ तासांच्या आत २५४ मिलिमीटर. त्याच वर्षी जूनमध्ये हजच्या दिवसांत मक्केत पारा ५१ अंशांच्या पुढे गेला आणि १३०० हून अधिक माणसे दगावली. सौदी सरकारनेच सांगितले, की त्यांपैकी ८३ टक्के परवान्याविना आलेले होते. परवान्याची महागडी वाट न परवडणारे बरेच जण असे येतात. त्यांना ना थंड तंबू मिळाला ना बस. ऊन सर्वांवर सारखेच पडले. मरण मात्र परवाना पाहून आले.

आता कादंबरीतली उणीव. वादी अल्-उयूनचे चित्र मुनीफ फार गोड रंगवतात. तेल येण्यापूर्वी त्या वस्तीत कोण वर होते, कोण खाली, याची चौकशी ते फारशी करत नाहीत. स्त्रिया बहुधा कडेलाच राहतात. आणि समुद्रापलीकडून पुढे जी माणसे त्या तेलावर राबायला गेली, म्हणजे आपली माणसे, ती या खंडात जवळजवळ नाहीतच. ही जागा भरण्याचे काम मुनीफ यांचे नव्हते. ते आपले होते.

कारण हर्रानच्या बराकी कोकणातल्या मुसलमानांच्या घरात पोहोचलेल्या आहेत. आमचे चाचा पंचवीस वर्षे आखातात राबले. दोन वर्षांनी एकदा येत, अत्तर आणि कंबल आणत. त्यांच्या पैशांवर आमचे कौलारू घर जाऊन स्लॅब पडला आणि आमचे बी.एड.ही झाले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा त्या स्लॅबखाली आम्ही सुरक्षित होतो. मागच्या कातकरी वाडीतल्या झोपड्यांचे वासेसुद्धा दुसऱ्या दिवशी सापडत नव्हते. श्रीवर्धनकडे रोठा सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पंचनामा झाला तो सातबाऱ्यावर नाव असलेल्याचा. झाडावर चढून सुपारी उतरवणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. नवी सुपारी लागती व्हायला बरीच वर्षे जातात. तेवढी वर्षे त्याची मजुरी बुडाली, आणि ते कोणत्याच रकान्यात बसले नाही.

एकेका वादळाचा दोष थेट तेलावर टाकणे बरोबर नाही, हे आम्ही जाणतो. परंतु अरबी समुद्र तापतो आहे आणि गेल्या काही दशकांत त्यातली चक्रीवादळे वाढली आहेत, हेही खरे. मग हिशेब कसा मांडायचा? चाचांना गुन्हेगार ठरवणे अन्याय होईल. ते स्वतः उन्हात भाजले. १९९२ च्या रिओ परिषदेत राष्ट्रांनी मान्य केले, की जबाबदारी सर्वांची असली तरी सर्वांची सारखी नाही. नुकसान सोसणाऱ्या देशांसाठी निधी उभारायचे ठरायला त्यानंतर तीस वर्षे लागली. तो निर्णय २०२२ साली शर्म अल्-शेखला झाला. हे तत्त्व राष्ट्रांना लागू आहे तर मोहल्ल्याला का नाही? आमचा वाटा कंपनीच्या आणि अमीराच्या मानाने कणभर असेल. तो शून्य नाही.

आपल्याकडे हुकूकुल इबादची शिकवण लहानपणीच मिळते. माणसाचा हक्क मारला तर ज्याचा मारला त्यानेच माफ करावे लागते. नुसत्या नमाज़-रोज़्याने ते खाते मिटत नाही. कातकरी वाडीतल्या त्या माणसाकडे आम्ही अजून माफी मागितलेली नाही. काय म्हणून मागायची, हेच सुचत नाही. ‘तुमचे छप्पर उडाले त्यात आमच्या स्लॅबचाही वाटा आहे’ हे वाक्य कोणत्या भाषेत बोलायचे?

ही भाषा शोधणे साहित्याचे काम आहे, असे आम्हांला वाटते. आखाताच्या नोकरीवर आपल्याकडे लिहिले गेले ते बहुधा विरहाचे: वाट पाहणारी बीबी, पत्रे, मनीऑर्डरी. ते दुःख खरेच आहे. पण ज्या तेलाने आपली चूल पेटवली त्याचा धूर शेजाऱ्याच्या डोळ्यांत गेला, ही गोष्ट आमच्या वाचनात अजून आलेली नाही. मुनीफ यांनी तेलाच्या विहिरीपासून बंदरापर्यंतची कहाणी सांगितली. बंदरापासून आपल्या उंबऱ्यापर्यंतची आणि तेथून मागच्या वाडीपर्यंतची कहाणी सांगणारा कोणीतरी आपल्यातून उठावा. त्याच्या कादंबरीला नायक नसला तरी आम्ही तक्रार करणार नाही.